झरोका शून्य

माझ्या बहिणीच्या डोक्यावर तुम्ही मुद्दाम वाईट छप्पर घातलंत.

चुकून झालं असतं तर मी एवढं लिहायला बसले नसते. चुका कोण करत नाही? पण तुम्ही यंत्राला विचारून, नकाशावर बोट ठेवून तिचं घर निवडलंत. दारावर निळी पाटी ठोकताना तुमचा माणूस तिला म्हणाला, साऱ्या वसाहतीला एकसारखंच छप्पर आहे, बाई. मी तिथेच होते. शिडी मीच धरली होती.

मी प्रज्ञा नगराळे. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. पुढचं सगळं फोनवरच्या फुकट व्याख्यानांतून उचललं, भांडी घासता घासता. तुमच्या शीतछत योजनेच्या दफ्तरी मी 'शीतसखी' आहे. आमच्या ओळीतल्या घरांत तुम्ही लावलेले सेन्सर पुसायचे, बंद पडले तर कळवायचं आणि तुमच्या मेळाव्यात निळी साडी नेसून टाळ्या वाजवायच्या, हे माझं काम. तेव्हा 'हिला काय कळतं' हे वाक्य तोंडात तयार असेल तर ते गिळा आणि पुढे वाचा.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं मागून सांगते.

आमची वसाहत राजुऱ्याकडच्या एका बंद पडलेल्या खाणीची. कोळसा संपला, साहेब गेले, माणसं राहिली. क्वार्टर सगळे एका साच्यातले: ओसरी, एक खोली, मागे स्वयंपाकघर. उन्हाळ्यात पारा कुठे जातो हे आता कुणी आकड्यात सांगतही नाही. फोनवर लाल इशारा येतो आणि शाळा, बाजार, रोजी सगळं थांबतं. पूर्वी निदान कूलर होता. वाळ्याच्या ताटीचा ओला वास आला की माणूस घरात आल्यासारखा वाटायचा. मग धरणं आटली आणि कूलरबंदी झाली. आमच्या कूलरला पाणी नाही. तुमचं यंत्र ज्या इमारतीत बसतं तिला थंड ठेवायला मात्र थेट नदीतून पाइप आहे. तो पाइप आमच्याच रस्त्याने जातो. लेकरं त्याला पाठ लावून बसतात.

कूलरच्या बदल्यात तुम्ही शीतछत दिलं. कल्पना चांगली आहे, ते मी नाकारत नाही. वरचा थर असा की अंगावर पडलेलं ऊन परत आभाळात फेकतो. त्याखाली हवेची पोकळी. त्याखाली मेणासारख्या पदार्थाचा थर. दिवसा तो खोलीतली उष्णता पिऊन वितळतो, रात्री ती सोडून पुन्हा थिजतो. आणि आढ्यापाशी एक झरोका, गरम हवा निघून जायला. वीज नको, पाणी नको.

पण मेण किती जाड? पोकळी किती उंच? झरोक्याचं तोंड किती मोठं? मेण कितीवर वितळावं? एक बदललं की उरलेल्यांचं गणित बदलतं. सगळ्या जोड्या मांडायला बसलात तर जन्म पुरणार नाही. कॉम्प्युटरमध्ये एक छप्पर उभं करून त्याच्यावर एक खोटा उन्हाळा चालवून बघायचा, तरी त्या इमारतीला टाकी टाकी पाणी लागतं. म्हणून सगळी छपरं तपासता येत नाहीत. थोडी वेचायची आणि त्यांच्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधायचा. सारी अक्कल वेचण्यात आहे.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतोच. तुमच्या इंजिनियर ओवी पाठारे यांनी आम्हा शीतसख्यांना प्रशिक्षणात हेच सांगितलं आणि मग विचारलं, पातेलं ओसरीएवढं असेल आणि चूल एकाच बाजूला पेटली असेल, तर कुठलं शीत उचलाल? मधलं उचललं तर कडेचा कच्चा भात कळत नाही. म्हणून शितं पसरून घ्यायची. परीक्षेला पोरं बसवतात तसं, आडव्या ओळीत एकच पेपर दोघांना नको आणि उभ्या रांगेतही नको. शिवाय कोपरे सोडायचे नाहीत. दोन शितांच्या मधला अंदाज यंत्र बरा बांधतं, पण शितांच्या पलीकडे गेलं की नुसतं ठोकून देतं. मेण सगळ्यांत जाड आणि झरोका शून्य, असं कोपऱ्यातलं छप्पर वाईटच निघणार हे जवळजवळ ठाऊक असतं. तरी ते तपासायचं. कुठवर चालतं हे कळायला कुठे मोडतं ते बघावं लागतं.

मला हे फार आवडलं होतं. त्या संध्याकाळी ताईच्या ओसरीवर खडूने चौकटी काढून मी तिला सगळं समजावत बसले. सुजाताताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. नवरा गेलेला, मुलगा सुरतेला, रक्तदाबाची गोळी चालू. तिने चौकटी बघितल्या आणि म्हणाली, "म्हंजे एक शीत चुलीत पडणारच म्हण की."

मी हसले होते.

कॉम्प्युटरमधलं छप्पर मोडलं तर कुणाचं काही जात नाही. पण तुम्ही म्हणालात, यंत्राला घाम कळत नाही, चूल कळत नाही, थोडी शितं खऱ्या घरांची हवीत. एका साच्यातली घरं कुठे मिळतात? आमच्याकडे. मग तुम्ही प्रत्येक घराला वेगळं छप्पर दिलंत आणि सांगितलंत एकसारखं. खरं सांगितलं तर माणसं वागणं बदलतात, नोंद बिघडते, हे तुमचं कारण. माणसं तुम्हाला न विचारताही वागतात, हे तुमच्या ध्यानात आलं नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात ज्याचं घर थंड त्याच्याकडे ओळ जमते. बोलावणं नाही, विचारणं नाही. आधी ज्याच्या अंगणात मोठा कडुनिंब त्याच्याकडे, मग ज्याचा कूलर मोठा त्याच्याकडे. शीतछतं बसली त्या उन्हाळ्यात थोड्याच दिवसांत साऱ्यांच्या पायांना कळलं की वच्छलामावशी ठेंगण्यांचं घर गार आहे. का गार, ते कुणी शोधलं नाही. सकाळची रांधण उरकली की आपापल्या दाराला कडी घालायची आणि मावशीकडे जायचं. म्हातारे भिंतीशी, लेकरं मोरीपाशी, मधे बाजा उलट्या टाकून बाया वाळवणाचे सरगुंडे, कणकेच्या जाड शेवया, वळत बसायच्या. कुरड्यांचा चीकही तिथेच शिजायचा, कारण बाहेर चूल मांडायची सोय उन्हाने ठेवली नव्हती. चिकाची वाफ भिंतीवरून ओघळायची, माणसाला माणूस चिकटलेला असायचा, तरी त्या घरात झोप लागायची.

मावशी सत्तरीच्या पुढच्या, जिभेला धार. येणाऱ्याला पाण्याचा गडू आणि एक टोमणा ठरलेला. माझ्याच घरात मला पाय लांब करता येत नाहीत, हे रोजचं. पण दार त्यांनी कधी लावून घेतलं नाही.

ताईचं घर तेव्हा कुलूपबंद. दिवसभर आत कुणी नाही, चूल नाही, श्वास नाही. तिला तिथे गुदमरायचं. ती सकाळी निघायची आणि झोपायला अंगणात बाज टाकायची. दोन्ही घरांतले सेन्सर इमानाने नोंदी पाठवत होते. मी ते इमानाने पुसत होते.

उन्हाळा उतरला आणि तुमची गाडी आली. झेंडूचा हार, फोटोवाला, ओवी मॅडम आणि एक साहेब ज्यांनी गाडीतून उतरल्यापासून घाम पुसण्यापलीकडे काही केलं नाही. हार ताईच्या दाराला बांधला. ताई परातीत पीठ घेऊन दारात उभी. ओवी मॅडमनी तिला आनंदाने सांगितलं की सगळ्या वसाहतीत तुमचं घर सर्वांत थंड निघालं, आता राज्यात असंच छप्पर होणार.

ताईला हसू आवरेना. "मॅडम, ह्या घरात दुपारचं मांजर बी थांबत नाई. आम्ही सारे वच्छलामावशीकडं राह्यतो."

ओवीचा चेहरा मी तेव्हा बघितला. माझ्या भाच्याच्या वयाची पोरगी. तिला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. साहेब फोटो काढून घेत होते तेवढ्यात ती आत गेली, बंद आढ्याकडे बघत उभी राहिली आणि बाहेर येऊन ओसरीच्या कडेला बसली.

साहेबांना गाडीत बसवून दिल्यावर तिने आम्हाला सगळं सांगितलं. सांगायची तिला परवानगी नव्हती. छपरं वेगळी आहेत. हे घर म्हणजे कोपरा. झरोका शून्य म्हणजे हा एक थर्मास आहे. थंड कोंडलं तर थंड राहील, गरम कोंडलं तर गरम. पहाटेची हवा आत कोंडून दार लावलं आणि दिवसभर कुणी फिरकलं नाही, तर सेन्सर खूश. आत माणूस बसला की त्याची ऊब, चुलीची वाफ, श्वास, काहीच बाहेर जात नाही. दुपार व्हायच्या आधीच मेण सगळं वितळून बसतं आणि पुढे एक थेंब उष्णता पीत नाही. मावशींच्या छपराला सगळ्यांत मोठा झरोका आहे. तिथे ओळभर माणसं आणि उकळता चीक असूनही जगता येत होतं. पण सेन्सरला माणसं दिसत नाहीत. त्याने कळवलं, घर गरम, घर दमट, छप्पर नापास.

ताई सगळं ऐकून परातीतलं पीठ एका बाजूला सारत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चुलीतलं शीत मीच होती तर."

आता त्याच्या पुढचं. तुमचं यंत्र पहिली शितं पसरून उचलतं, पण दुसऱ्या फेरीत ते हुशारी करतं. जिथे चांगलं दिसलं त्याच्या आसपास जास्त शितं उचलायची आणि जिथे वाईट दिसलं तिथे वेळ घालवायचा नाही. हुशारी खरीच आहे. पण चांगलं म्हणून दिसलं ते ताईचं रिकामं घर. म्हणून दुसऱ्या फेरीचा हुकूम निघाला: ओळीतले झरोके लहान करा, काही पुरते बुजवा, सुरुवात नापास घरापासून. म्हणजे मावशींपासून. त्या फेरीनंतर कारखान्यात साचा पडणार होता, आणि मग राज्यातल्या प्रत्येक सरकारी घरावर तो बसणार होता.

ओळीत तोंडं फुगली. मावशींनी भर ओसरीवर सुनावलं, "चीक माझ्या घरात शिजला, घाम माझ्या घरात गळला, अन् हार गेला सुजीच्या दाराले. बुजवू दे झरोका. एकदाची मी एकटी तरी झोपीन." त्या रागाने बोलल्या हे कळत होतं. तरी बायांचे डोळे खाली गेले. बऱ्याच जणींनी त्यांच्याकडे जाणं सोडलं. ताईला तर कुणीतरी विचारलंही, हाराबरोबर आणखी काय मिळालं म्हणून.

ओवीने तुम्हाला लिहिलं. मी लिहिलं. हिवाळाभर लिहिलं. तुमचं उत्तर एकच. नोंदलेला बिंदू, म्हणजे आपलं शीत, रद्द करायचा तर त्याच बिंदूवर दुसरी पूर्ण नोंद हवी. लाल इशाऱ्याचा दिवस, नोंदणीकृत रहिवासी आत, नेहमीचा स्वयंपाक, दार बंद, ऊन चढल्यापासून सूर्य मावळेपर्यंत. मधे दार उघडलं तर नोंद अपूर्ण. ओवीने विचारलं, माणसाऐवजी आत हीटर आणि पाण्याची वाफ ठेवू का, उष्णता तेवढीच होते. तुम्ही कळवलंत, रहिवासी म्हणजे रहिवासी.

मी म्हटलं, मी बसते. ओवी म्हणाली, नोंद तुमच्या नावावर नाही.

मग ताई म्हणाली, मी बसीन.

मी तिच्याशी भांडले. आयुष्यात एवढं कधी भांडले नव्हते. म्हटलं, बुजवू दे त्यांना झरोके, ते गेले की आपण हातोडा घेऊन फोडू. ती म्हणाली, आपण फोडू, आपल्या ओळीत तू आहेस, मी आहे, मावशी आहे. जिथे सगळे एकेकटे राहतात तिथे कोण फोडणार? मी म्हटलं, साऱ्या राज्याचा ठेका तू घेतला का? तुझं रक्तदाबाचं यंत्र काय दाखवतं ते आधी बघ.

मला वाटलं, जिंकले. ती उठून चूल सारवायला लागली. पाठमोरी असताना बोलली.

"माझ्या दाराले हार बांधला न त्यायनं. खोटा हार. ओळीत माझं तोंड उतरवलं. तो हार मले वापस करायचा हाये, प्रज्ञे. तू मधात येऊ नको."

 

पहिला लाल इशारा आला त्या दिवशी ती बसली. जुनं लुगडं, बाजूला पाण्याचा माठ, उलटी बाज, सरगुंड्यांचं पीठ. आमचं ठरलं ते असं: ती वळत राहील आणि थोड्या थोड्या वेळाने लाटण्याने दारावर ठोकेल. ठोका आला की ती आहे. एखादा चुकला तर लगेच दार उघडायचं नाही, हात पिठात असेल. हे तिने माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. ओवीने रुग्णवाहिका मागितली होती. लाल इशाऱ्याच्या दिवशी रुग्णवाहिका मागून मिळत नाही. तालुक्यात पडणारी माणसं तिच्यापेक्षा जास्त असतात.

मी दाराला कडी घातली आणि वळले तर ओसरीवर ओळ येऊन बसलेली. मावशी सगळ्यांत पुढे, मांडीवर ओला पंचा. त्यांचं थंड घर पलीकडे उघडं पडलेलं, आत कुणी नाही. शीतछतं बसल्यापासून ते घर दुपारचं रिकामं मी पहिल्यांदा बघितलं.  पदर डोक्यावरून ओढून सगळ्या त्या भाजणाऱ्या ओसरीत बसून राहिल्या.

सकाळी तर घर गारच होतं. ओवीच्या हातातल्या पडद्यावरची रेघ खाली खाली चाललेली. आतून ताईचा आवाज आला, तुमचं यंत्र खरं आणि मीच खोटी निघते की काय. बाया हसल्या. ओवी हसली नाही.

मग तिने वरणभात रांधला. कुकरच्या शिट्ट्या आम्ही बाहेरून ऐकल्या. तिथून रेघेने तोंड वर केलं ते केलंच. दुपारी ती मावशींच्या गेल्या वर्षीच्या रेघेला भिडली, ओलांडून गेली, मग ओळीतल्या प्रत्येक घराला ओलांडून गेली. ओवी म्हणाली, सिद्ध झालं. मी म्हटलं, मग उघडू? तिने मान हलवली. पुरतं सिद्ध व्हायला सूर्य मावळायला हवा होता.

ठोके येत होते. आधी दोन दोन, जोरात. मग एक. मग नुसतं लाटणं घासल्यासारखं. मी दाराला तोंड लावून विचारलं, ताई, पाणी पितेस ना? ती म्हणाली, "बडबड करू नको. पीठ वाळून राह्यलं." जीभ जड झाली होती. मधे तिने आमच्या आईला हाक मारली. आई जाऊन आम्हा दोघींनाही म्हातारपण आलं.

सूर्य खाणीच्या लोखंडी मनोऱ्यावर टेकला होता. अजून अख्खा. एक ठोका चुकला. मी थांबले, कारण तिने वदवून घेतलं होतं. दुसरा चुकला. ओवी माझ्याकडे बघत होती. तिने उघडा म्हटलं असतं तर तुमच्या नियमाने तिची नोकरी गेली असती. नका उघडू म्हणायला तिची जीभ वळेना. मावशी म्हणाल्या, "काय पाहून राह्यली वो? उघड."

मी दार उघडलं.

आतली हवा अंगावर आली ती चुलीतून यावी तशी. ताई उलट्या बाजेला टेकून बसलेली, डोळे उघडे, अंग कोरडं. घाम येणं थांबलं होतं. लाटणं मुठीत तसंच. आम्ही बाज सुलटी केली, तिला तिच्यावर घातलं आणि ओळ ओलांडून मावशींच्या घरात, झरोक्याखाली नेलं. मावशींनी ओल्या पंचाने तिचा चेहरा पुसला आणि मागे आलेल्या सगळ्यांना दारातूनच परतवलं. "बाहेर व्हा सारे. आज हे घर तिच्या एकटीचं."

रिकामं केलेलं ते घर तासाभरात इतकं गार झालं की मावशींनी ताईच्या पायांवर गोधडी टाकली. ते गार होताना बघायला तुमच्यातलं कुणी तिथे नव्हतं.

ताई वाचली. मूत्रपिंडाला धक्का बसलाय, उजवा हात थरथरतो, सरगुंडे आता वळता येत नाहीत. शुद्धीवर येऊन तिने मला पहिला प्रश्न विचारला, सूर्य मावळला होता का. मी नाही म्हटलं. तिने तोंड भिंतीकडे केलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. राहते मावशींकडे. मी डबा घेऊन गेले की मावशींना सांगते, तिला म्हणा मीठ कमी टाक. मी तिथेच उभी असते.

तुमचं पत्र आलं. नोंद अपूर्ण, ग्राह्य नाही, मूळ नोंद कायम. ओवीने ती अख्खी रेघ तुमच्यापुढे ठेवली होती. दार उघडायच्या आधीचं सगळं तिच्यात होतं. तुम्ही म्हणालात, अर्धवट नोंदी घ्यायला लागलो तर सगळी आखणीच बिघडेल. तिने त्या नोंदीखाली 'माझ्या मते वैध' असं सहीनिशी लिहिलं, म्हणून तिला तुम्ही कुठे दुसरीकडे पाठवलंत. जाताना ती ताईच्या पाया पडली. ताईने तिला विचारलं, जेवलीस का. माझ्याकडून निळी साडी परत मागितलीत. ती मी फरशी पुसायला घेतली आहे.

मला गणिताचा राग नाही. थोडक्यातून पुष्कळ कळून घ्यायची एवढी सुंदर युक्ती मी दुसरी बघितली नाही. राग या गोष्टीचा आहे की तुमच्या आखणीत मेण आहे, पोकळी आहे, झरोका आहे, रहिवासी आहे, आणि शेजार नाही. तो आम्ही फुकट सांगायला आलो तर तुम्ही त्याला बिघाड म्हणालात.

शिड्या आल्या आहेत. ओळीच्या तोंडाशी टाकल्यात, शेजारी झरोके बुजवायच्या पत्र्यांची चळत. मावशी दारात बाज टाकून बसल्या आहेत, ताईचं लाटणं मांडीवर घेऊन. मी एकटी झोपीन म्हणणारी बाई आता म्हणते, माझ्या छपरावर पाय ठेवणाऱ्याने आधी माझ्या पाठीवर ठेवावा. ओळ त्यांच्या मागे, घरात, दाटीवाटीने. मजूर आमचेच, पलीकडच्या ओळीतले. ते सावलीत बसून विड्या ओढताहेत आणि शिड्या उचलायचं नाव काढत नाहीत.

मी कागद घेऊन ओसरीवर बसले तेव्हा मावशींनी आतून निरोप दिला, सुजी विचारते काय लिहून राह्यली. मी म्हटलं, सगळं.  मग झरोक्याखालून ताईचाच आवाज आला, इतक्या महिन्यांनी सरळ माझ्यासाठी.

"सारं नको लिहू. ते वाचत नाईत. एकच विचार त्यायले."

काय विचारायचं ते तिने सांगितलं. मला वाटत होतं तिला याचं उत्तर माहीत आहे, म्हणूनच ती माझ्याशी बोलत नाही. तिलाही माहीत नव्हतं.

म्हणून विचारते. तुमच्या नियमात बसेल असं सांगा. ठोका चुकला होता, सूर्य मनोऱ्यावर होता, माझी बहीण आत होती. दार मी कधी उघडायला हवं होतं?

उत्तर लेखी द्या, खाली स्वतःचं नाव घालून. तोवर शिड्या खालीच राहतील.